व्याह्यांच्या सणात आपला वाटा

पत्र

आमचा मुलगा अनेक वर्षांपासून अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात राहतो. सूनबाई तिथल्याच असून तिचे पूर्वज नॉर्वेहून आलेले आहेत. आम्ही दोघे सांगलीचे. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही पहिल्यांदाच तिकडे जाणार असून जानेवारीअखेर परत येऊ. विहीणबाईंनी थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरमधला आभार मानण्याचा सण) आणि ख्रिसमस या दोन्ही सणांना आम्हाला आपल्या घरी बोलावले आहे. निमंत्रण मनापासूनचे आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र आम्ही शाकाहारी आहोत, मी अंडेही खात नाही, आणि ज्या टेबलावर टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) भाजून ठेवलेली आहे तिथे जेवायला बसणे माझ्या पतींना नको वाटते. तिथे काय न्यावे, कसे वागावे, चर्चमध्ये जायला सांगितले तर जावे का, हे काहीच समजत नाही. चार वर्षांचा नातू सांताक्लॉज खरा आहे असे मानतो. त्याला काय सांगावे? आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुलगा ऑफिसात होता. थँक्सगिव्हिंगला मात्र चार दिवस सुटी. विचारले तर म्हणतो, “आई, ही त्यांची दिवाळीच आहे.” मग या सगळ्यात आम्ही कोण? दोन तास पाहुण्यासारखे बसून यावे, की काही तरी कारण सांगून टाळावे?

— एक आई, सांगली

उत्तर

ताई, टाळू नका. आणि पाहुण्यासारख्या बसूही नका. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी जो प्रश्न आहे, “आम्ही कोण?”, त्याचे उत्तर अमेरिकन घरांमध्ये सणाच्या दिवशी कामातून मिळते. थँक्सगिव्हिंगचे जेवण एकट्या गृहिणीने रांधून सर्वांना वाढायचे, असे सहसा नसते. भाजी एक घर आणते, पाय (पिठाच्या कवचात गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) दुसरे घर आणते, कोणी पाव आणते, कोणी बटाटे सोलायला सकाळीच येऊन बसते, आणि जेवणानंतर भांडी कोण घासणार हेही बहुधा वर्षानुवर्षे ठरलेले असते. ज्याच्याकडे काही काम सोपवलेले असते तो घरचा मानला जातो. म्हणून विहीणबाईंना “आम्ही काय करू नये?” असे न विचारता “माझ्याकडे कोणते काम देता?” असे विचारा. हा प्रश्न त्यांना नीट कळेल आणि आवडेलही.

सुटीबद्दलची तुमची खंत आधी घेते, कारण ती मनात ठेवून गेलात तर बाकीच्या सगळ्या गोष्टींना तिचा रंग चढेल. अमेरिकेत केंद्र सरकारने जाहीर केलेल्या वर्षाला ११ सुट्या असतात आणि थँक्सगिव्हिंग व ख्रिसमस त्यांत येतात. खासगी कंपन्यांना त्या देण्याचे कायदेशीर बंधन नसले, तरी या दोन दिवशी बहुतेक कार्यालये बंदच असतात. थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारी येत असल्याने अनेक ठिकाणी शुक्रवारही मोकळा देतात आणि त्याला शनिवार-रविवार जोडून चार दिवस होतात. दिवाळी त्या यादीत नाही. त्या दिवशी घरी राहायचे तर मुलाला आपल्या वार्षिक रजेतून दिवस काढावा लागतो, आणि तो बऱ्याच आधी मागावा लागतो. तेव्हा चार दिवसांची सुटी ही त्याने केलेली निवड नाही, कॅलेंडरने दिलेली आहे. लक्ष्मीपूजनाला तो ऑफिसात गेला, याचे तुम्हाला वाईट वाटले ते मात्र खरे आहे आणि ते त्याला सरळ सांगायला हवे. टोमणा म्हणून नको, मागणी म्हणून सांगा. “पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रजा टाकशील का?” एवढेच विचारा, आणि तारीखही सांगा. तिथली अनेक मराठी कुटुंबे फराळ आणि भेटीगाठी जवळच्या शनिवार-रविवारी ठेवतात आणि प्रत्यक्ष तिथीला फक्त पूजेपुरता वेळ काढतात. हा मार्ग व्यवहारी आहे. त्यात मला कमीपणा दिसत नाही.

आता थँक्सगिव्हिंग हा सण काय आहे ते थोडे समजून घेऊ, कारण जेवणाच्या टेबलावर त्याचा उल्लेख निश्चित होईल. १६२१ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांनी पीक हाती आल्यावर जेवणावळ केली आणि तिथले मूळ रहिवासी असलेले वाम्पानोआग लोक तिला हजर होते, ही कथा शाळेतल्या मुलांना शिकवली जाते. दरवर्षीची राष्ट्रीय सुटी मात्र त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी आली. सारा जोसेफा हेल या संपादिकेने अनेक वर्षे चिकाटीने पत्रे आणि लेख लिहून मागणी केली, आणि यादवी युद्ध चालू असताना १८६३ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभार मानण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती तुम्हाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. त्या जेवणावळीनंतरच्या पिढ्यांमध्ये मूळ रहिवाशांची जमीन गेली आणि माणसेही गेली; म्हणून १९७० पासून याच दिवशी प्लिमथ येथे मूळ रहिवाशांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो. तुम्ही जात आहात त्या मिनेसोटात तर ही जखम अधिक जवळची आहे: २६ डिसेंबर १८६२ रोजी, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, मॅनकेटो या गावी डाकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले, आणि त्या यादीला मंजुरी देणारे अध्यक्ष लिंकनच होते. सणाच्या पंगतीत तुम्ही हा विषय काढावा असे मी सुचवत नाही. पण सूनबाईच्या पिढीतले कोणी तो काढला, तर तो भांडणाचा सूर समजू नका. हल्ली अनेक घरांत हा सण आभार मानत आणि हेही आठवत साजरा होतो, आणि दोन्ही गोष्टी एकत्र धरणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

आता जेवणाकडे येऊ. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमची खरी अडचण टर्की नाही. ती समोर दिसते, तिला नाही म्हणणे सोपे असते. अडचण त्या पदार्थांची आहे जे दिसायला शाकाहारी असतात. टर्कीच्या पोटात भरून किंवा वेगळे भाजून जे पावाचे सारण करतात, ज्याला स्टफिंग म्हणतात, त्यात बहुधा कोंबडीचा किंवा टर्कीचा रस्सा घातलेला असतो. कुस्करलेले बटाटे लोणी आणि दूध घालून करतात, ते तुम्हाला चालतील. पण त्यांवर ओततात ती ग्रेव्ही टर्की भाजताना गळलेल्या रसाची असते. रताळ्यांच्या गोड पदार्थावर मार्शमेलो नावाच्या पांढऱ्या मऊ गोळ्या पसरून भाजतात, आणि मार्शमेलोत जिलेटिन असते, जे प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. रंगीत, थरथरणारी जेलो सॅलड नावाची वाटी मिनेसोटातल्या टेबलांवर अजून दिसते, तीही जिलेटिनचीच. घेवड्याच्या शेंगा मशरूमच्या सुपात भाजून वर तळलेला कांदा घालतात. हा पदार्थ १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तयार केला आणि आज तो घराघरांत परंपरा म्हणून केला जातो. मिनेसोटात अशा भाजून केलेल्या पदार्थांना हॉटडिश म्हणतात. घेवड्याच्या या पदार्थात बहुधा मांस नसते, तरी सुपाचा डबा सूनबाईला वाचायला सांगा. क्रॅनबेरीची आंबट-गोड चटणी तुम्ही निर्धास्त खा. भोपळ्याच्या पायमध्ये अंडी असतात, त्यामुळे तो तुमच्यासाठी नाही. सफरचंदाच्या पायमध्ये सहसा अंडे नसते, पण त्याचे कवच लोण्याचे आहे की डुकराच्या चरबीचे, हे विचारून घ्या, कारण जुन्या पद्धतीच्या घरांत चरबी वापरतात.

हे सारे जेवायला बसल्यावर विचारू नका. सणाच्या आधी निदान दोन आठवडे सूनबाईकडून विहीणबाईंना स्पष्ट कळवा. “आम्ही काहीही खातो, काळजी करू नका” असे संकोचापोटी म्हणणे हे त्या घरात शिष्टाचाराचे होत नाही. पुढे तुम्ही रिकाम्या ताटाशी बसलात, तर राबलेल्या बाईला त्याचा फार त्रास होईल. आधी सांगितले, तर स्टफिंगचा एक लहान भाग भाज्यांच्या रश्शात वेगळा करणे त्यांना मुळीच अवघड नाही. आणखी एक सुचवते. मिनेसोटाच्या तळ्यांत वाढणारा जंगली तांदूळ, जो तिथले ओजिब्वे लोक होडीतून पिढ्यानपिढ्या काढत आले आहेत, तो मशरूम आणि कांद्याबरोबर भाज्यांच्या रश्शात शिजवला की शाकाहारी माणसाचे मुख्य जेवण होते. काळसर, लांब दाणे असलेला हा तांदूळ चवीला आपल्या भातापेक्षा वेगळा, थोडा भाजल्यासारखा लागतो. त्या जेवणात या भूमीचे इतके जवळचे दुसरे काही क्वचितच असेल; विहीणबाईंना तो करायला सांगा, किंवा सूनबाईबरोबर तुम्हीच करा.

तुमच्या पतींबद्दल. त्यांना जे नको वाटते, त्याचा मान राहायला हवा, आणि तो राहू शकतो. पुष्कळ घरांत हल्ली पदार्थ स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडतात आणि जो तो आपले ताट वाढून घेऊन येतो. तिथे टर्की जेवणाच्या टेबलावर नसतेच. पण काही घरांत अख्खी भाजलेली टर्की सर्वांसमोर आणून घरातला वडीलधारा माणूस ती कापतो, आणि तो क्षण त्यांच्यासाठी मानाचा असतो. विहीणबाईंच्या घरची रीत कोणती, ते मुलाकडून आधी जाणून घ्या. दुसऱ्या प्रकारची असेल, तर तुमच्या पतींनी जेवणानंतर पाय आणि कॉफीच्या वेळी यावे. यात अपमान नाही. ज्यांना माहेर आणि सासर अशी दोन्ही घरे सांभाळायची असतात, ती अमेरिकन जोडपी नेहमीच एका घरी जेवतात आणि दुसऱ्या घरी पायला जातात, त्यामुळे ही सवलत सर्वांच्या ओळखीची आहे. न जाणे आणि खोटे आजारपण सांगणे, हे मात्र करू नका. जेवण साधारणपणे दुपारी दोन ते चारच्या सुमारास असते, हेही लक्षात ठेवा. रात्रीचे समजून सकाळी भरपेट जेवून निघाल तर पंचाईत होईल.

काय न्यावे? ज्याला ओव्हन लागत नाही असे काही. त्या दिवशी घरातला एकुलता एक ओव्हन चार तास टर्कीने अडवलेला असतो. विहीणबाईंचे काम तर रविवारपासूनच सुरू झालेले असते, कारण सात किलोची गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये ठेवून नरम व्हायला तीन-चार दिवस लागतात. तुम्ही आदल्या दिवशी मुलाच्या घरी लाल भोपळ्याचे घारगे करा. भोपळा त्या मोसमाचा आहे, त्यांना त्याची चव ओळखीची आहे, घारग्यांत अंडे नाही आणि ते दोन दिवस उत्तम टिकतात. दुकानात भोपळ्याच्या शिजवलेल्या गराचे डबे मिळतात. त्यांतला नुसत्या गराचा डबा घ्या, पायसाठी साखर-मसाला घातलेला घेऊ नका. ताज्या क्रॅनबेरी नोव्हेंबरमध्ये सगळीकडे असतात आणि त्यांचे गूळ-मोहरीचे लोणचे अप्रतिम होते. अमेरिकेतल्या मराठी घरांत ते आता नेहमीचे झाले आहे. एक सूचना कटाक्षाने पाळा: कोणत्याही पदार्थात शेंगदाण्याचे कूट घालण्यापूर्वी घरातल्या कोणाला ॲलर्जी आहे का, हे विचारा. तिकडे शेंगदाण्याच्या ॲलर्जीने माणसे रुग्णालयात जातात, आणि आपल्या हाताला कूट घालायची इतकी सवय असते की लक्षातही येत नाही.

जेवायला बसल्यावर प्रार्थना होईल. सर्वजण हात धरतील, मान खाली घालतील. तुम्हीही हात द्या आणि शांत बसा, एवढे पुरेसे आहे. काही घरांत त्यानंतर प्रत्येक जण या वर्षात कशाबद्दल कृतज्ञ आहे ते सांगतो. तुमची पाळी आली तर मराठीत बोला आणि मुलाला सांगू द्या. मोडक्या इंग्रजीतल्या दोन शब्दांपेक्षा तुमच्या भाषेतले पूर्ण वाक्य त्या लोकांना अधिक आवडेल, आणि आपला मुलगा आपल्या आईचे बोल सर्वांसमोर सांगतो आहे हे नातवालाही दिसेल. वाढताना आग्रहाची अपेक्षा ठेवू नका. एकदा “नको” म्हटले की ते खरेच नको आहे असे समजून भांडे पुढे जाईल, म्हणून हवे असेल तर पहिल्याच वेळी घ्या. जेवणानंतर उठून स्वयंपाकघरात जा आणि पुसायचे फडके हातात घ्या. पुरुष मंडळी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल पाहत असतील, तिथे तुमचे पती खुशाल बसू शकतात. डेट्रॉइटचा संघ १९३४ पासून, युद्धाची काही वर्षे सोडली तर, दरवर्षी या दिवशी खेळतो, त्यामुळे तो सामना म्हणजे सणाचाच भाग आहे. निघताना उरलेले अन्न डब्यांत भरून देतील, ते घ्या. दारात उभे राहून निरोपाच्या गप्पा बराच वेळ चालतील. मिनेसोटाचे लोक त्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि सांगलीच्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. बर्फाच्या दिवसांत तिकडे जोडे दारातच काढतात, तेव्हा साडीबरोबर जाड लोकरी मोजे घाला.

दोन सणांच्या मध्ये जो महिना येतो, तो मला तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नॉर्वेजियन वंशाच्या घरांत त्या दिवसांत लेफ्सा नावाची बटाट्याची पातळ पोळी करतात. बटाटे उकडून, अगदी बारीक गाळून, त्यांत लोणी, साय आणि मीठ घालून ते रात्रभर गार ठेवतात. दुसऱ्या दिवशी मैदा मिसळून कापड घातलेल्या गोल पाटावर, बारीक खाचा असलेल्या लाटण्याने ती पारदर्शक होईपर्यंत लाटतात, लांब चपट्या काठीने उचलतात आणि ५०० अंश फॅरनहाइटपर्यंत तापलेल्या विजेच्या मोठ्या गोल तव्यावर कोरडीच भाजतात. खाताना लोणी आणि साखर लावून गुंडाळी करतात. सहसा तीत अंडे घालत नाहीत, मांस तर नसतेच. हे एकटीचे काम नसते. आजी, मुली, सुना, नाती एके दिवशी जमतात. एक लाटते, एक भाजते, एक कापडात गुंडाळून ठेवते, आणि ज्या घरात लाटणारी म्हातारी झाली आहे तिथे लेफ्सा थांबतोही, कारण मऊ बटाट्याचा तो गोळा न फाटता लाटणे तरुण मुलींना जमत नाही. ताई, पुरणपोळी लाटलेल्या हाताला ते जमेल. तुम्ही विहीणबाईंना आत्ताच कळवा की लेफ्साच्या दिवशी मला बोलवा, मी लाटायला येते. भाषा नसली तरी पाटापाशी दोन बायकांचे उत्तम चालते. पहिल्या दोन-तीन फाटल्या तर फाटू द्या, आणि त्यांची रीत तुमच्यापेक्षा वेगळी असेल तिथे त्यांची ऐका. पीठ किती घ्यावे यावर त्या घरात ठाम मते असतात. या एका दिवसाने तुमचे जे नाते जुळेल, ते महागड्या भेटवस्तूंनी जुळणार नाही. सुकवलेला मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून करतात तो लूटफिस्क याच दिवसांत शिजतो आणि त्याचा वास तीव्र असतो, एवढे मात्र सांगून ठेवते.

ख्रिसमस कोणत्या वेळी आहे, हे आधी विचारा. बहुतेक अमेरिकन घरांत २५ डिसेंबरच्या सकाळी मुले झाडाखालच्या भेटी उघडतात. नॉर्वे-स्वीडनकडच्या वंशजांच्या अनेक घरांत मुख्य जेवण आणि भेटी २४ च्या संध्याकाळी असतात. त्याच संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्त्यांची प्रार्थनासभा होते. जाणे वा न जाणे हा तुमचा निर्णय आहे आणि कोणी सक्ती करणार नाही. माझे मत विचाराल तर जा. गाताना सर्वांबरोबर उभे राहा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रसादासारखे पाव आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी लोक रांगेने पुढे जातील, तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा. तो विधी त्यांच्या श्रद्धेचा आहे, आणि बसून राहणाऱ्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. त्यांच्या देवासमोर शांत बसल्याने तुमचा धर्म कुठे जात नाही.

हा सण जसा आज दिसतो, तसा तो नेहमीच नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, कारण तिथल्या प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांना तो बायबलमध्ये नसलेला, उधळपट्टीचा सण वाटे. केंद्रीय सुटी १८७० मध्ये आली. झाड सजवण्याची रीत जर्मन स्थलांतरितांनी आणली, सांताक्लॉजचे मूळ डच लोकांच्या संत निकोलसात आहे, दारात ठेवतात ती लाल पानांची पॉइन्सेटिया मेक्सिकोतून आली, आणि विहीणबाईंचा लेफ्सा नॉर्वेतून. जो जो आला त्याने आपले काही तरी या सणात ठेवले. म्हणूनच तुम्ही आपले काही नेलेत तर ती ढवळाढवळ होत नाही.

भेटवस्तूंबाबत सूनबाईला घरची मर्यादा विचारा. काही कुटुंबे चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची असे ठरवतात, काही ठरावीक रकमेच्या वर जात नाहीत. सोन्याची चेन किंवा भारी पैठणी दिलीत तर समोरच्याला आपण काय द्यावे हे कळेनासे होईल. झाडाला टांगायच्या वस्तू मात्र जपून ठेवतात. दरवर्षी खोक्यातून काढताना ही कोणी दिली, ती कोणत्या वर्षीची, असे सांगत लावतात. सावंतवाडीची लहानशी लाकडी फळे किंवा खेळणी घ्या, त्यांना दोरा बांधा, मागे वर्ष लिहा आणि घरातल्या प्रत्येकासाठी एक न्या. भेट सर्वांसमोर, देणाऱ्याच्या देखत उघडायची असते. आपल्यासारखी बाजूला ठेवली तर ती आवडली नाही असा अर्थ होतो. मोज्यांच्या आकाराच्या लांब पिशव्या टांगतात त्यांत तुमच्या दोघांच्या नावाच्याही असतील. इतरांच्या पिशव्यांत घालायला छोट्या वस्तू जवळ असू द्या.

नातवाला सांताबद्दल काहीही सांगू नका. हे घर त्याच्या आईचे आहे, आणि हा समज कधी व कसा सोडवायचा हे ती ठरवेल. तुम्हाला खोटे बोलायचे नसेल तर बोलू नका, त्याने विचारले तर “तुला काय वाटतं?” म्हणा, आणि तो जे सांगेल ते ऐका. ख्रिसमसच्या आदल्या रात्री सांतासाठी बशीत बिस्किटे आणि दूध, त्याच्या हरणांसाठी गाजर ठेवतील, त्यात मदत करा. लष्कराची हवाई संरक्षण यंत्रणा १९५५ पासून दरवर्षी त्या रात्री सांता कुठवर पोचला हे मुलांना सांगते, इतका हा खेळ सर्वांनी मिळून सांभाळलेला आहे. आपल्या गोष्टी तो विसरेल ही तुमची भीती मला समजते, पण त्यावरचा उपाय सांता काढून घेणे हा नाही. तुम्ही तिथे दोन महिने आहात. रोज रात्री एक गोष्ट मराठीत सांगा.

नववर्षाची रात्र साधी जाईल. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९०७ पासून मध्यरात्री प्रकाशाचा गोळा खाली उतरवतात. मिनेसोटाचे घड्याळ एक तास मागे असल्याने तिथे तो अकरा वाजताच टीव्हीवर दिसतो, आणि पुष्कळ लोक तेवढे पाहून झोपतात.

त्यानंतर तुमची पाळी. संक्रांत तुमच्या मुक्कामातच येते आणि नातू चार वर्षांचा आहे, म्हणजे बोरन्हाण अजून करता येईल. जवळच्या शनिवारी किंवा रविवारी मुलाच्या घरी विहीणबाई, व्याही आणि सूनबाईची भावंडे यांना बोलवा. काळे झबले आणि हलव्याचे दागिने सांगलीहून न्या. खाण्याच्या वस्तू नेत असाल तर अमेरिकेच्या विमानतळावर त्या न लपवता जाहीर करा. बोरे मिळणार नाहीत, त्याऐवजी चुरमुरे, हरभरे, गोळ्या, चॉकलेटे घ्या. विहीणबाईंना एखादे काम द्या. मुलांना गोळा करणे किंवा तिळगुळाच्या वड्या कापणे त्यांना सहज जमेल. आमंत्रण ख्रिसमसच्या आधीच द्या, कारण तिकडे सुटीचे दिवस लवकर ठरून जातात, आणि त्याच वेळी कोणाला तिळाची ॲलर्जी आहे का, हेही विचारून घ्या.